‘देणेघेणे बाकी नाही’ असे लिहिण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शुक नदीचे पाणी खारेपाटणच्या बाजारपेठेत शिरले होते आणि शाळेला अचानक सुटी मिळाली होती. दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी वडिलांबरोबर घरी आली. दहावीपर्यंत माझ्याकडे मराठी शिकलेली, निबंधात नेहमी चांगले गुण घेणारी मुलगी. आता दोन मुलांची आई. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढून तिने माझ्यापुढे ठेवला.

“सर, हे उर्दूत आहे. कणकवलीच्या वकीलबाई म्हणाल्या, ह्याचं मराठीत करून आणा. त्यांना वाचता येत नाही आणि मलाही नाही.”

तिचा कुरआन झालेला आहे, त्यामुळे छापील अरबी अक्षरे ती वाचते. पण हाताने लिहिलेले उर्दू वाचणे ही वेगळी गोष्ट. मी कागद उलगडला. तो तिचा खुलानामा होता. सहा ओळींचा. आणि अक्षर माझे होते.

तिला हे ठाऊक नव्हते. आठ महिन्यांपूर्वी खाडीपलीकडच्या एका गावात बैठक बसली होती. माझे हस्ताक्षर बरे आहे, म्हणून लग्नाच्या दावतनाम्यापासून तहसीलदाराच्या अर्जापर्यंत लोक मला लिहायला बोलावतात. त्या दिवशीही बोलावले. मी पोहोचलो तेव्हा बोलणी संपली होती. कुणीतरी मजकूर सांगितला, मी लिहून काढला. शेवटच्या ओळीचा आशय असा होता की दोन्ही पक्षांत आता कोणतेही देणेघेणे बाकी नाही. बीवी आपला मेहेर, इद्दतीचा खर्च आणि पुढचे सगळे हक्क आपल्या खुशीने सोडत आहे. कागद आतल्या खोलीत गेला, सही होऊन परत आला. चहा आला. मी घरी आलो. आत बसलेली मुलगी कोण, हे मी विचारलेही नव्हते.

त्या ओळीचे मराठी भाषांतर करताना मला जे वाटले त्याचे वर्णन करत बसत नाही. भाषांतर करून झाल्यावर मी तिला सांगितले की हे मीच लिहिले आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “सर, तुम्ही तरी काय करणार? तुम्हाला सांगितलं तसं तुम्ही लिहिलं.” ही सूट तिने मला दिली. मला ती स्वतःला देता येत नाही. त्यानंतर तिच्या वडिलांच्या सोबतीला म्हणून मी चार-पाच वेळा कणकवलीला त्या वकीलबाईंच्या कार्यालयात गेलो. तिथे जे पाहिले, त्यावरून माझे काही समज बदलले. तेच आज लिहितो आहे.

आपल्याकडे वकील म्हटले की घर फोडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तलाकच्या बाबतीत तर जास्तच. माझीही समजूत तीच होती. पण ती बाई पहिल्या दिवशी कोर्टाचे नावही काढेना. तिने एक कोरा कागद घेतला आणि त्यावर रेघा मारून पाच रकाने केले. मेहेर. दागिने आणि लग्नातल्या वस्तू. तिच्या पुढच्या आयुष्याची तरतूद. घर आणि जमीन. मुले. प्रत्येक रकान्याखाली दोन प्रश्न. हक्क काय आहे? पुरावा काय आहे?

माझ्या सहा ओळींत हे पाचही रकाने एका वाक्यात बुजवले होते. आपल्या बैठकांचे दुखणे नेमके हेच आहे. बैठक एकाच प्रश्नाचा निकाल लावते, निकाह राहिला की संपला. बाकी सगळे ‘आपसांत मिटले’ या दोन शब्दांत जाते. चांगला वकील मिटवत नाही, आधी मोजतो. मोजल्यावर मिटवणे सोपे जाते, हे मी तिथे पाहिले.

मेहेर, सोने आणि तरतूद

मेहेर हे पतीवरचे कर्ज आहे, मेहेरबानी नाही. दिलेला ढीगभर ऐवजसुद्धा परत घेऊ नये, अशी ताकीद सूरह निसामध्ये आहे. खुला घेताना पत्नी मेहेर सोडू शकते, हे शरियतला मान्य आहे. पण मेहेर सोडणे म्हणजे सगळेच सोडणे नव्हे, हा फरक बैठकीत कुणी तिला सांगितला नव्हता.

तिचे दागिने मेहेरचे नव्हते. काही तिच्या वडिलांनी दिले होते, काही मामूंनी. लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर स्त्रीला तिच्या नातेवाइकांनी, मित्रमंडळींनी, पतीने किंवा त्याच्या घरच्यांनी जे दिले ते घटस्फोटानंतर तिचेच असते. १९८६ च्या मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या तिसऱ्या कलमात हे स्पष्ट लिहिले आहे. शाहबानो निकालानंतर याच कायद्यावरून किती भाषणे झाली! बाजूने झाली, विरोधात झाली. मी स्वतः कॉलेजात त्यावर वादविवाद केला होता. पण कायद्यात वस्तूंच्या परतीचे कलम आहे हे मला चाळिशीनंतर एका वकिलाच्या टेबलावर कळले.

वकीलबाईंनी लग्नाचा अल्बम मागवला. फोटोत गळ्यात, हातात काय दिसते ते पाहिले. सराफाच्या पावत्या शोधायला लावल्या. चार बांगड्या पतपेढीत गहाण होत्या, नवऱ्याच्या कुवेतच्या व्हिसासाठी. गहाणखताची नक्कल निघाली. बैठकीत कुणीही न उच्चारलेली गोष्ट अशी वजनासह कागदावर आली.

तरतुदीचे काय? इद्दतीचे तीन महिने खर्च दिला की पुरुष मोकळा, असे आपल्यातले पुष्कळ लोक आजही धरून चालतात. कायदा तसे म्हणत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० साली करीम शेख प्रकरणात आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली डॅनियल लतिफी प्रकरणात सांगितले की पतीने घटस्फोटित पत्नीच्या भविष्यासाठी वाजवी तरतूद करायची आहे. ती इद्दतीच्या मुदतीत करायची, पण ती इद्दतीपुरती नव्हे. १० जुलै २०२४ रोजी मोहम्मद अब्दुल समद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी पोटगीचे जे कलम आहे, पूर्वीचे १२५ आणि आताचे नागरिक सुरक्षा संहितेतले १४४, त्याची वाटही मुस्लिम स्त्रीला मोकळी आहे. त्या निकालात न्यायमूर्ती नागरत्ना यांनी घर सांभाळणाऱ्या पत्नीचे नाव बँक खात्यात असावे, एटीएम कार्ड तिच्या हाती असावे, असेही लिहिले आहे. आखातातून पैसा येणाऱ्या आपल्या घरांतून ते वाचून दाखवावे असे मला वाटते.

आणि आता माझ्या ओळीबद्दल. पोटगीच्या कायद्यात अशी तरतूद आहे की घटस्फोट घेतलेल्या स्त्रीने घटस्फोटानंतर आपला हक्क स्वखुशीने सोडला असेल तर पोटगीचा आदेश रद्द होऊ शकतो. म्हणजे ‘आपल्या खुशीने सोडत आहे’ हे मी सहज लिहिलेले शब्द समोरच्या वकिलाच्या हातातले हत्यार होते. आमच्या वकीलबाईंनी ते वाचून मान हलवली आणि विचारले, “सही करण्यापूर्वी हे तिला तिच्या भाषेत कुणी वाचून दाखवलं होतं का?” मी नाही म्हणालो. “मग खुशी कशी?” असे त्यांनी विचारले. या प्रश्नावरच पुढची सगळी बोलणी उभी राहिली.

घर कुणाचे?

या रकान्यात मात्र वाईट बातमी होती, आणि ती वकीलबाईंनी लपवली नाही. मला त्यांचा हा गुण सगळ्यांत मोठा वाटला.

आपल्याकडची नेहमीची पद्धत अशी. जमीन सासऱ्याच्या नावे. त्यावर मुलाच्या आखाती कमाईतून स्लॅबचे घर. घरपट्टी सासऱ्याच्या नाहीतर मोठ्या दिराच्या नावे. सून दहा-बारा वर्षे त्या घरात राबते, तिच्या माहेरहूनही लाख-दोन लाख जातात. तिच्या वडिलांनी फरशी आणि खिडक्यांसाठी पैसे दिले होते, रोख, हातात. पावती नाही, बँकेची नोंद नाही. सात-बारावर आणि ग्रामपंचायतीच्या घरठाण उताऱ्यावर तिचे नाव कुठेच नाही.

महाराष्ट्रात, कुठल्याही धर्माच्या जोडप्याच्या बाबतीत, संसारात झालेली मिळकत घटस्फोटाच्या वेळी अर्धी-अर्धी वाटली जात नाही. ज्याच्या नावे कागद, त्याची मालमत्ता. गंमत अशी की बांद्याच्या पलीकडे गेले की कायदा बदलतो. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नी एकमेकांच्या मालमत्तेत निम्म्याचे भागीदार धरले जातात, आणि हा नियम तिथल्या मुस्लिम जोडप्यांनाही लागू आहे. आपल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी गोव्यात आहेत. एक बहीण पेडण्याला दिली, एक इकडे तळकोकणात दिली, तर दोघींचे हक्क वेगळे.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने एक आधार दिला आहे. संसार चालू असताना स्त्रीला राहत्या घरातून मनमानीने बाहेर काढता येत नाही, मग घर कुणाच्याही नावे असो. पण तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. शिवाय ती तर आठ महिन्यांपूर्वीच माहेरी आली होती. वकीलबाई म्हणाल्या, “घराचा दावा लावता येईल, पण वर्षं जातील आणि हाती काय लागेल ते मी सांगू शकत नाही. त्यापेक्षा ही रक्कम तरतुदीच्या बोलणीत मांडूया.” फी वाढवायची असती तर त्यांनी दावा लावला असता.

म्हणून मुलींच्या बापांना माझी विनंती आहे. जावयाच्या घरासाठी पैसे देणारच असाल तर बँकेतून द्या आणि कशासाठी दिले ते लिहा. त्याहून चांगले म्हणजे वारशात मुलीचा जो हिस्सा अल्लाहने ठरवला आहे, तो तिला द्या. आपण मेहेरवर, हुंड्यावर बोलतो. पण बाप वारल्यावर बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणारे भाऊ आपल्यातच आहेत. माहेरच्या जमिनीत जिचे नाव आहे, ती तलाकनंतर माहेरी पाहुणी म्हणून राहत नाही.

मूल कुणाकडे?

माझ्या सहा ओळींत मुलांचा उल्लेखच नव्हता. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचाचा. बैठकीने गृहीत धरले की लहान आहेत तोवर आईकडे राहतील, पुढे बघू. या ‘पुढे बघू’चा अर्थ शिक्षकाला विचारा.

शाळेत असे प्रसंग येतात. वर्ष निम्मे झालेले असते. मुलाचा चाचा येतो आणि म्हणतो, दाखला द्या, आम्ही त्याला मुंबईला घालतो. आईला पत्ता नसतो. हजेरीपटावर बापाचे नाव, पण फी भरणारी, पालकसभेला येणारी आई. शिक्षकाने काय करायचे? कोर्टाचा आदेश असेल तर तो दाखवून थांबवता येते. नसेल तर आम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून दोन्ही घरांना फोन लावत राहतो. आणि मूल व्हरांड्यात दप्तर घेऊन उभे असते.

आपल्या फिक्हमध्ये मूल सांभाळण्याचा हक्क म्हणजे हिजानत वेगळी आणि पालकत्व म्हणजे विलायत वेगळी मानली आहे. लहान मुलाच्या सांभाळात आईचा हक्क पहिला, यावर मोठे मतभेद नाहीत. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई फिक्हमध्ये मूल समजत्या वयाला, साधारण सात वर्षांना आले की त्यालाच विचारावे, असे सांगितले आहे. किती जुनी आणि किती शहाणी गोष्ट आहे ही! १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातही न्यायालयाने मुलाचे हित पाहायचे असते, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंती विचारात घेता येते. शरियत आणि कायदा एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत असे सांगणाऱ्यांनी ही दोन वचने शेजारी ठेवून पाहावीत.

खर्चाबाबत तर वादच नाही. मुलांचा खर्च बापावर आहे, आणि आई तो माफ करू शकत नाही, कारण तो तिचा नव्हे, मुलांचा हक्क आहे. १९८६ च्या कायद्यात मुलाच्या दोन वर्षांपर्यंतचाच उल्लेख असल्याने पूर्वी पळवाट काढली जाई. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली नूर सबा खातून प्रकरणात ती बंद केली. मुले सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतः कमावती होईपर्यंत, आणि मुलींच्या बाबतीत त्यांचे लग्न होईपर्यंत, बापाची जबाबदारी राहते. म्हणजे माझी सहावी ओळ आईच्या बाबतीत वादग्रस्त आणि मुलांच्या बाबतीत निरर्थक होती.

वकीलबाईंनी मुलांच्या रकान्यावर सगळ्यांत जास्त वेळ घालवला. मुले शाळेच्या दिवसांत कुठे राहतील? मे महिन्यात कुठे? बाप रजेवर येतो ते दीड-दोन महिने कसे? दोन ईदपैकी कुठली कुणाकडे? व्हिडिओ कॉल कुठल्या वारी, किती वाजता? शाळा बदलायची तर दोघांची सही लागेल का? मुलांचा पासपोर्ट कुणाकडे राहील? दादीला नातवंडे भेटतील का? हा शेवटचा प्रश्न त्यांनी स्वतःहून घातला. त्या म्हणाल्या, “म्हातारीचं काय चुकलं?” मला सूरह बकरहमधली ती शिकवण आठवली, की मुलामुळे आईलाही त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये. बाई हिंदू होत्या. त्यांनी ती आयत वाचलेली नसणार. पण त्यांचा कागद त्या आयतीला माझ्या कागदापेक्षा जवळचा होता.

कसे मिटले

नोटीस गेली. मुलगा रजेवर आला. त्यानेही वकील केला. सुरुवातीला तावातावाने बोलला, कारण त्याला वाटत होते की सगळे मिटलेले आहे, आता पुन्हा कशाला? त्याच्या बाजूनेही खरे होते. त्याला कुणी सांगितले नव्हते की मिटलेले नाही. दोन बैठका झाल्या, दोन्ही वकिलांच्या समोर. या वेळी ती आतल्या खोलीत नव्हती, टेबलाशी बसली होती. दागिन्यांपैकी जे फोटोत आणि पावतीत होते ते परत मिळाले, गहाण बांगड्या त्याने सोडवून दिल्या. तरतुदीची रक्कम एकरकमी ठरली. परदेशातल्या माणसाकडून महिन्याच्या महिन्याला पोटगी वसूल करणे किती अवघड असते ते वकिलांना ठाऊक असते. मुलांच्या खर्चासाठी वेगळे खाते, शाळेची फी त्यातून थेट. मुले आईकडे, सुट्ट्या बापाकडे. माहेरच्या रोख पैशांतले फारसे हाती आले नाही.

हे सगळे मराठीत लिहिले गेले. तिने स्वतः वाचले, दोन ठिकाणी बदल सुचवले आणि मग सही केली. तडजोडीचा कागद कोर्टात दाखल झाला. खाजगी कागद आणि कोर्टात नोंदलेली तडजोड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला मोडला तर पुन्हा बैठक. दुसरा मोडला तर अंमलबजावणीचा अर्ज. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीलाही हुकूमनाम्याची ताकद असते आणि तिच्यावर अपील नसते.

काही आक्षेप

पहिला आक्षेप, शरियत असताना वकील कशाला? पण विचार करा, १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा कुणाच्या खटपटीने आला? पती बेपत्ता, पती खर्च देत नाही, अशा अडकून पडलेल्या स्त्रियांना वाट मिळावी म्हणून मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या आलिमांनी मालिकी फिक्हचा आधार घेऊन मार्ग दाखवला, आणि त्यातून तो कायदा झाला. त्यानुसार स्त्रीने कोर्टातून निकाह रद्द करून घेतला तरी तिचा मेहेरचा हक्क जात नाही. ही वाट उलेमांनीच दाखवलेली आहे. आपल्या हमीद दलवाईंनी, चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या या माणसाने, १९६६ साली सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत काढला. त्यांच्या सगळ्या मतांशी सहमत होण्याची गरज नाही. पण आपला हक्क मागायला बाई विधानभवनापर्यंत का गेली, हा प्रश्न साठ वर्षांनंतरही आपल्या बैठकांना लागू आहे.

दुसरा आक्षेप, वकील भांडण लावतात. काही लावतात. तारखांवर तारखा घेणारे, सासरच्या सगळ्या गोताला आरोपी करा म्हणणारे, मुलाला भेटू न देणे हेच डावपेच समजणारे वकीलही असतात. २०१९ च्या कायद्याने एका दमातला तिहेरी तलाक गुन्हा ठरवला. त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे हे सगळ्यांना माहीत असते, पण त्याच कायद्यात स्त्रीच्या निर्वाहभत्त्याचे आणि मुलांच्या ताब्याचेही कलम आहे हे फार थोडे वकील आधी सांगतात. म्हणून वकील पारखून घ्यावा. पहिल्या भेटीत जो कागद मागतो तो कामाचा; जो फक्त राग वाढवतो तो नव्हे.

तिसरा आक्षेप पैशाचा. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याचे प्राधिकरण ओरोसला आहे आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंचही आपल्या जिल्ह्यासाठी सुरू झाले आहे, अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.

आणि बैठक नको असे मी म्हणत नाही. दोन्ही घरांतून एकेक लवाद नेमा, हा तर कुरआनचाच आदेश आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद इथल्या पूर्णपीठाने २००२ साली दगडू पठाण प्रकरणात हेच धरून सांगितले की समेटाचा असा प्रयत्न झाल्याचे सिद्ध करावे लागते. ‘मी तलाक दिला’ एवढे म्हणून भागत नाही. बैठकीने समेट करावा, समजूत घालावी, मन शांत करावे. पण हिशेब मांडणे हे जाणत्याचे काम आहे. ताप उतरवायला आपण डॉक्टरकडे जातो आणि दुआही करतो, तसे.

माझ्या गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते एका ताम्रपटामुळे. शिलाहार राजा रट्टराजाचा तो लेख इ.स. १००८ चा. हजार वर्षांपूर्वी कुणी कुणाला काय दिले ते आजही वाचता येते, कारण ते नीट लिहून ठेवले होते. आणि आपण आठ महिन्यांपूर्वी कुणाचे काय ठरले ते सांगू शकत नाही. देणेघेणे लिहून ठेवा, लहान असो वा मोठे, कंटाळा करू नका, आणि लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, हे सांगणारी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. मी ती वर्गात अनेकदा समजावून सांगितली आहे. लिहिणारा म्हणजे मीही, हे तेव्हा लक्षात आले नव्हते.

लिहायला मी आजही जातो. पण आता आधी विचारतो, मुले किती आहेत आणि त्यांचे काय ठरले? वकिलाला दाखवले का? बाई कुठली भाषा वाचते? ती वाचत असेल त्या भाषेत कागद होतो आणि तो तिच्यासमोर, तिला ऐकू येईल असा वाचला जातो. यामुळे दोन बैठकांनी मला परत बोलावलेले नाही. एका बैठकीने मात्र कागद थांबवून मुलीला आधी ओरोसला पाठवले.

माझ्या विद्यार्थिनीची मुलगी यंदा पाचवीत आली. तिचा दाखला कुणीही मागायला आला तर काय दाखवायचे, हे आता तिच्या आईला ठाऊक आहे. कोर्टाच्या तडजोडीची एक नक्कल तिने शाळेत आणून दिली. मुख्याध्यापकांनी ती फाईलला लावली. त्या कागदावरचे अक्षर माझे नाही. टाइप केलेला आहे, मराठीत आहे, आणि प्रत्येक पानावर तिची सही आहे.